पहिल्या दिवसाचं चित्र

हागिशिमा, १७ ऑगस्ट

दादा,

ओबोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला पाठीवर घेऊन थडग्यांची टेकडी उतरलो. तिचे हात माझ्या गळ्याभोवती होते, आणि एका हातात बाबांसाठी आणलेला रंगीत कागदाचा कंदील तसाच धरलेला होता. "खाली ठेव," म्हटलं तर ठेवेना. "बाबांचा आहे, अजून लावायचाय," एवढंच म्हणाली. ओठ पांढरे पडले होते आणि कंदिलाची बांबूची काडी माझ्या गालाला टोचत होती.

सकाळची फेरीबोट सुटून गेली होती. बचावाची बोट बोलावतो म्हटलं तर तिने माझा कानच धरला. "भोंगा वाजला की सगळं गाव दारात येऊन वाकत बसेल. पितरांच्या दिवसांत लोकांना तसदी द्यायची नाही." मग मी आपली होडी काढली. रिकामी मडकी बाजूला सारली, जाळ्याची घडी केली आणि तिला त्यावर निजवलं. ती छाती दाबून पडली होती. अर्ध्या वाटेत डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "इंजिनाचा आवाज ऐक. तेल पाजत नाहीस तू त्याला." दादा, मला त्या वाक्याने धीर आला. मरणारं माणूस इंजिनाची काळजी करत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो आणि तोंडाने आमिदा बुद्धाचं नाव चालू ठेवलं.

फोनवर हे सगळं तुला सांगायला घेतलं तर तू मध्येच म्हणालास, "थोडक्यात सांग, मीटिंगमध्ये आहे." म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

समोरच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात छातीला तारा लावून कागदावर रेघ काढली. ती रेघ पाहिली आणि सगळे पळायलाच लागले. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्यासारखी दिसतेय, म्हणाले. तिला आत नेलं. मनगटातून केसासारखी नळी हृदयापर्यंत घातली, तिच्यातून औषधी रंग सोडला आणि त्या रंगाचा प्रवास चित्रात धरला. मी बाहेर बाकावर. पायात रबरी बूट, कपड्यांना मासळीचा वास. शेजारची बाई दोनदा उठून दोनदा लांब बसली.

मग एक डॉक्टरीण बाहेर आली. तेराओका नाव. वयाने आपल्या घरातल्या कुणाची मुलगी शोभेल, चष्मा नाकावरून घसरतोय. मला आत बोलावून तिने पडद्यावर आईचं हृदय दाखवलं. आधी रक्तवाहिन्या. थंडीत पानं गळाल्यावर पर्सिमनच्या फांद्या दिसतात तशा, आणि रंग टोकाटोकापर्यंत वाहत गेलेला. "कुठेही अडथळा नाही," ती म्हणाली. "म्हणजे नेहमीचा झटका नाही हा." मग दुसरं चित्र लावलं, हृदयाच्या डाव्या कप्प्याचं. ते हलत होतं. म्हणजे वरचा अरुंद गळा तेवढा आवळत होता, सुटत होता. खालचा सगळा भाग फुगून गप्प बसला होता.

मी तो आकार ओळखला. रोज हातात धरतो.

ती जरा अडखळली. "या आजाराला एक नाव आहे. तुम्ही काम काय करता?"

"ऑक्टोपस धरतो. मडक्यांनी."

तिने चष्मा वर सारला. "मग नाव मी सांगायला नको."

तर आपल्या आईला ऑक्टोपसच्या मडक्याचा आजार झालाय, दादा. नाव आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दिलेलं आहे आणि आता जगभर तेच चालतं, असं तेराओका म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईने हट्टाने ते चित्र बघायला मागितलं. बराच वेळ निरखून म्हणाली, "हे आमच्या बेटाचं मडकं नाही, बाई. पलीकडच्या गावचं आहे. आमच्याचा गळा आखूड असतो." डॉक्टरीण इतकी हसली की चष्मा पडला. "काकी, पुढच्या वेळी एक मडकं घेऊन या. मला खरं मडकं कधी हातात धरायला मिळालं नाही."

मग तिने हळूच विचारलं, की काही मोठा धक्का बसला होता का. भीती, दुःख, भांडण, काहीही. बहुतेक वेळा त्यानेच असं होतं, आणि जास्त करून वयस्कर बायकांना.

आई म्हणाली, "माझ्या वयात धक्के कसले? सगळे बसून झाले." आणि हसली. ते हसणं मी ओळखतो. तूही ओळखतोस.

जीवाचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो, तो आता टळलाय. हृदय बहुतेक पूर्वीसारखं होईल, असं म्हणतात.

एकच विचारतो. त्या सकाळी टेकडीवर दगडकाम करणारा मासुमोतो होता, हातात मोजायची फीत घेऊन. तो आपल्या थडग्यापाशी काय मोजत होता, हे तुला ठाऊक आहे का?

योशिनोरी


२९ ऑगस्ट

दादा,

तू आलास, एक दुपार राहिलास आणि आईसाठी टोपलीभर खरबुजं ठेवून गेलास. ती तिने नर्सबायकांत वाटून टाकली. "मोठा मुलगा ओसाकाला साहेब आहे," असं प्रत्येकीला सांगून वाटली. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. पुढचं कडू आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस, म्हणून मी मासुमोतोकडेच गेलो. तो अंगणात दगडाला पाणी मारत होता. मला बघून नळ बंद केला आणि वाकला तो वर येईचना.

"फुसाएकाकी कशा आहेत?"

"तू सांग, काय झालं ते."

"मला वाटलं, तुम्हां सगळ्यांना माहीत आहे रे! तुझ्या दादाने फोन केला, थडगं बंद करायचंय, बाबांच्या अस्थी ओसाकात नेऊन इमारतीतल्या कप्प्यात ठेवायच्यात, दगड फोडून जमीन देवळाला परत करायचीय. ओबोनला सगळे घरी असतात, म्हटलं मापं घेऊन टाकू. तर काकी कंदील घेऊन आल्या. दगडावर त्यांचं नाव लाल आहे ना. लाल नाव म्हणजे जिवंत माणूस. त्याला न विचारता फीत कशी लावायची? माझ्या बापाने मला असं शिकवलंय. म्हणून मी टोपी काढली आणि विचारलं, काकी, तुमच्या नावाचं काय करू? वेगळं कापून ठेवू का?"

त्याने रीत पाळली, दादा. रीत पाळूनच घात झाला. त्याच्यावर माझा राग नाही.

बाबा गेले तेव्हा आईने त्यांच्या नावाशेजारी आपलं नाव कोरून घेतलं आणि लाल रंग भरला, तेव्हा तू तिथेच उभा होतास. ती गेली की रंग खरवडून काढायचा, एवढंच काम आपल्याला ठेवलं होतं तिने. दर महिन्याला ती टेकडीवर जाते, दगड धुते आणि स्वतःच्या नावावरून ओलं फडकं फिरवते. एकदा मी म्हटलं, "आई, स्वतःचंच थडगं पुसतेस?" तर म्हणाली, "राहायला जायचं घर झाडून ठेवू नये का?" ते घर मोडायला निघालंय, हे तिला टेकडीवर, एका परक्या माणसाच्या तोंडून कळलं.

मी हे तुला सांगू नये म्हणून तिने मला बजावलंय. "त्याला कळलं तर जिवाला लावून घेईल," म्हणाली. मी तिचं ऐकत नाही. लाव जिवाला.

आता इस्पितळाच्या व्हरांड्यातलं. तू डॉक्टरणीकडून पहिल्या दिवसाचं चित्र मागून घेतलंस, आपल्या फोनमध्ये घेतलंस आणि मला दाखवून म्हणालास, "हे बघ, अर्धं हृदय बंद आहे. या बाईला तू त्या बेटावर ठेवणार? जिथे दवाखाना आठवड्यातून एकदा उघडतो?" मी म्हटलं, ते भरून येतंय. तू म्हणालास, "तुला कळतं का त्यातलं?" मला फारसं कळत नाही, खरं आहे. आपल्या शाळेत एकच मास्तर होते आणि तेच आपले केसही कापत. पण तेराओका तिथेच उभी होती आणि तिला कळतं. तिने तुला सांगितलं की हा आकार काही आठवड्यांत सरळ होतो, पुन्हा चित्र काढेपर्यंत थांबा. तू मान हलवलीस, जशी लोक भाव ऐकून हलवतात.

आणि जाताना म्हणालास, "तुम्ही दोघं त्या मडक्यातल्या ऑक्टोपससारखे आहात. तोंड सताड उघडं, तरी बाहेर पडायचं नाव नाही."

वाक्य चांगलं होतं. फेरीत बसून मी त्यावर विचार केला. आपल्या मडक्याला झाकण नसतं, आत आमिषही नसतं, हे तुला आठवतं म्हणजे तू अगदीच विसरलेला नाहीस. पण तो आत का जातो, तेही आठव. त्याला आडोसा हवा असतो. एकदा आत बसला की त्याच्या लेखी ते घर. तो कुठे अडकलेला नसतो. दोर ओढणारा वर असतो. मी रोज ओढतो, म्हणून मला माहीत आहे, ओढणाऱ्याला वरून सगळं किती सोपं दिसतं.

योशिनोरी


८ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं असलं तरी खाली सही हाताची आहे, ती बाबांसारखीच आहे.

तू लिहितोस, तुला दोन मुली, त्या लग्न करून दुसऱ्या आडनावात जातील. मी असा एकटा. शाळा बंद पडली, आता फेरीही कमी होणार. आपल्यानंतर त्या दगडावर पाणी घालायला कोण येणार? वेली चढतील, दगड कलंडेल आणि एक दिवस त्यावर देवळाची चिठ्ठी लागेल, 'संबंधितांनी भेटावे.' ती नामुष्की टाळायची म्हणून आपणच हाताने नीट आवरावं, असं तू म्हणतोस.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते दोनदा वाचलं आणि एकदा बाबांच्या तसबिरीपुढे वाचलं. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. आमच्यानंतर पडला तर पडू दे. वेल चढली तर चढू दे, वेलीचंही काही पोट आहे. पण नाव लाल असताना दगड फुटणार नाही.

तू नात्यात सगळ्यांना ते चित्र पाठवलंस, हेही कळलं. मामींचा फोन आला होता, रडत होत्या. "फुसाएचं हृदय फुटलं म्हणे रे!" मी म्हटलं, मामी, ती आत्ता अंगणात बसून ऑक्टोपस वाळत घालतेय, बोलता का? आईने फोन घेतला आणि पहिलं वाक्य काय, "तुझ्या गुडघ्याचं काय झालं?"

ती घरी आली आहे. औषधं वेळेवर घेते. जड उचलायचं नाही म्हटलंय, म्हणून मडकी उचलत नाही, पण कुठलं कुठे ठेवायचं ते बसल्या जागेवरून सांगते, आणि ते उचलण्यापेक्षा जास्त दमवणारं आहे. मलाच.

परवा तू तिला फोन केलास. मी मागच्या खोलीत दोर विणत होतो. तिची बाजू तेवढी ऐकू येत होती.

"हो. हो. नाही रे, मला काय त्रास... माझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?... अच्छा, रस्ता. चांगलं आहे की... मुली बऱ्या आहेत ना?... तुला सोयीचं ते कर, बाळा."

फोन ठेवून तिने तांदळाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाली, "भाताला किती घेऊ?"

तू आता म्हणशील, आई हो म्हणाली. हो, म्हणाली. तू सहा वर्षांचा असताना तिच्या ताटातला मासा मागितलास तेव्हाही हो म्हणाली होती.

मी देवळात गेलो. म्हातारे पुजारी ओशोसान गवत काढत होते. त्यांना सगळं माहीतच होतं, तू त्यांना रीतसर पत्र घातलं आहेस. मला वाटलं होतं, ते माझ्या बाजूने बोलतील. नाही बोलले.

"दगडात कोणी नसतं, योशिनोरी. चाळीस वर्षं ओरडून सांगतोय. आमिदा काही दगडांवरची नावं वाचत हिंडत नाही."

"मग मोडू द्यायचा?"

"असं कुठे म्हणालो? दगड मागे राहिलेल्यांसाठी असतो. मागे राहिलेले कोण ते तुम्ही ठरवा." मग विळा पुसत म्हणाले, "थोरल्याचा हक्क आहे. रीत तशीच आहे. धाकट्याने वेगळं थडगं बांधावं, मुख्य घराच्या दगडात त्याला जागा नाही, हेही तुला माहीत आहे. हिगानचा, पितरांचा आठवडा संपला की सत्तावीस तारखेला मासुमोतो येणार, आणि मी सूत्र म्हणायला येईन."

"आईचं नाव लाल आहे."

"तेच सांगतोय. या देवळाची एक जुनी चाल आहे. लाल नावाच्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून 'हो' म्हटल्याशिवाय मी दगडाला हात लावू देत नाही. मग तो हक्कदार कुणीही असो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फुसाए हो म्हणेल का?"

मी त्यांनी उपटलेलं गवत गोळा करायला लागलो.

"म्हणेल," ते म्हणाले, आणि पुन्हा गवताला लागले.

हे सगळं तुला लपवून करण्यात मला रस नाही. तू सत्तावीसला ये. पण त्याआधी सतराला आईचं चित्र पुन्हा काढणार आहेत. त्या दिवशी ये. फोनमध्ये जुनं चित्र घेऊन फिरतोस, नवीनही बघ.

योशिनोरी


१८ सप्टेंबर

दादा,

तू आला नाहीस. ठीक आहे. मी सांगतो.

आईने तुझ्या लग्नातला तोच गडद राखाडी किमोनो काढला, ज्याला ती स्वतःच पीडा म्हणते, कारण कमरपट्टा बांधायला अर्धी सकाळ जाते. तिथे गेल्यावर छाती तपासायला सगळं सोडावं लागलं. नर्स म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी बटणांचं घाला हो." आई म्हणाली, "बटणांचं घालून माणूस माशाच्या बाजाराला जातं."

मडकं मी कापडात बांधून नेलं होतं.

या वेळी नळी वगैरे काही नाही. डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गार चिकट लेप लावला आणि त्यावरून इस्त्रीच्या मुठीएवढं एक यंत्र फिरवलं. त्यातून आवाज निघतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो हृदयावर आपटून परत येतो आणि त्याचंच चित्र होतं. मला हे लगेच पटलं. आपल्या होडीवरचं तळ शोधायचं यंत्र तेच करतं. तेराओकाने मला आत उभं राहू दिलं.

पडद्यावर पहिल्यांदा धुकं दिसलं. मग धुक्यात काहीतरी उघडझाप करायला लागलं. झडपा, दादा. दोन पातळ पाकळ्या, कुणी घाईत टाळ्या वाजवाव्यात तशा. मी इतकी वर्षं तिच्या हातचं खातोय आणि हे आत चाललेलं कधी पाहिलं नव्हतं. आमिदाचं नाव आपोआप तोंडात आलं. डॉक्टरणीने यंत्र थोडा वेळ तिथेच धरून ठेवलं.

मग तिने पडद्याचे दोन भाग केले. एकीकडे ऑगस्टमधलं, एकीकडे आत्ताचं. ऑगस्टमधला खालचा भाग फुग्यासारखा गप्प. आताचा तोच भाग मुठीसारखा आवळतोय, सोडतोय, टोकापर्यंत. कुठेही गप्प नाही.

"मडकं गेलं," आई म्हणाली.

"गेलं," तेराओका म्हणाली. "पण पुन्हा येऊ शकतं. शंभरात थोड्यांना येतं. औषध सोडू नका, दर काही महिन्यांनी चित्र काढू, आणि..." ती माझ्याकडे वळली. "घरात काही अजून शिल्लक असेल, तर मिटवून टाका."

मी विचारलं, "तिला शहरात हलवावं का? माझा भाऊ म्हणतो."

ती लगेच उत्तर देत नाही, हा तिचा गुण आहे. म्हणाली, "शहरात इस्पितळ जवळ असतं, ते खरंच मोलाचं आहे. तुम्ही उशिरा पोचला असता तर मी आज हे बोलत नसते. पुढच्या वेळी बचावाची बोट बोलवा, काकींनी कान ओढला तरी. पण पहिल्या दिवसाचं चित्र दाखवून कुणाचं घर ठरवू नका. ते एका सकाळचं चित्र आहे. काकी तेवढ्या नाहीत."

बोटीचं मी कबूल केलं. आईसमोर. आता तिचं कान ओढणं चालणार नाही.

मग मी गाठोडं सोडलं. डॉक्टरणीने मडकं दोन्ही हातांनी घेतलं, आत डोकावली, तळाला बोट लावलं. शिंपल्याचं पांढरं अजून तिथे चिकटलेलं होतं. "आखूड आहे खरंच गळा," म्हणाली. ते तिने टेबलावर ठेवलं आणि त्यात पेनं खोचली. आईला ते फारसं आवडलं नाही. बाहेर येऊन म्हणाली, "त्यात पेनं कोण ठेवतं? एखादं फूल तरी."

नवीन चित्राची प्रत सोबत पाठवतोय. ज्यांना जुनं पाठवलंस त्या सगळ्यांना हे पाठव. हे मी मोठ्या भावाला सांगतोय, याची मला पूर्ण जाणीव आहे.

योशिनोरी


२५ सप्टेंबर

दादा,

नवीन चित्र पाहून तू एका ओळीचा निरोप धाडलास: "बरं झालं. सत्तावीसचं ठरल्याप्रमाणे." म्हणजे तुला चित्र कळलं आणि तरी तुझं ठरलेलं ठरलेलंच. निदान आता आईच्या हृदयाचं निमित्त मध्ये नाही. आता तू आणि मी.

हिगानला आईने गोड भाताच्या ओहागी केल्या. देवळात, शेजारी, सगळीकडे गेल्या. तुझ्यासाठी चार बाजूला काढून तिने झाकून ठेवल्या. मी म्हटलं, तो सत्तावीसला येईल तोवर भात कडक होईल. म्हणाली, "असू दे. बघितल्यावर त्याला कळेल, ठेवल्या होत्या." त्या दिवशी मी विचारलं, "ओशोसान विचारतील तेव्हा काय सांगशील?" ती भांडी विसळत होती. "काय सांगणार? थोरला आहे तो. हो म्हणेन." पाणी बंद करून पुन्हा म्हणाली, "मला त्याला नाही म्हणता येत नाही रे. कधी आलंच नाही."

मला येतं, दादा.

काल सकाळी मी मासुमोतोला टेकडीवर बोलावलं. दगडाच्या कडेला आईच्या नावाखाली बोट ठेवून सांगितलं, "इथे माझं नाव कोर."

तो मागे सरकला. "वेडा झालास? धाकट्याचं नाव मुख्य घराच्या दगडावर? हक्कदार तुझा दादा. त्याने मला सत्तावीसला फोडायला बोलावलंय आणि तीन दिवस आधी मी त्यावर नाव कोरू? माझा बाप वरून खडे मारील."

"आईला विचारलंस तेव्हा बापाची रीत पाळलीस. आता मी जिवंत माणूस म्हणून विचारतोय."

त्याने दगडावर एकदा हात फिरवला. आपली हत्यारांची पेटी उघडून छिन्न्या एकेक काढून पुसल्या, हातोडी ठेवली, अक्षरं उतरवायचा काळा कागद ठेवला. मग टोपी घातली.

"मी काही कोरणार नाही," तो म्हणाला. "जेवायला जातोय. हत्यारं उचलायला कंटाळा आलाय, राहू देत इथेच."

"जेवून कधी येशील?"

"माझी बायको हल्ली फार हळू वाढते," म्हणाला आणि उतरला. तो आज संध्याकाळी आला.

शाळा सुटल्यावर मी दोन वर्षं समोरच्या किनाऱ्यावरच्या दगडाच्या खाणीत होतो, हे तुला आठवत असेल. तू तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होतास. हात विसरत नाहीत. पण खाणीत दगड फोडायचा असतो. इथे न फोडता आत जायचं होतं. पहिलं अक्षर दुपारपर्यंत झालं. दुसऱ्याला रेषा जास्त आहेत, तिथे छिन्नी एकदा घसरली.

खोटं बोलत नाही, कोरताना फक्त आईचा विचार करत नव्हतो. धाकटा म्हणून मला या दगडात जागा नाही, हे मी दहा वर्षांचा असताना आजोबांच्या श्राद्धाला मला कळलं. कुणीतरी सहज सांगितलं, "तुझं वेगळं बांधशील हो तू." तेव्हापासून दर ओबोनला मी हाच दगड धुतोय आणि एकदाही कुणाला बोललो नाही. ओशोसान म्हणतात, आमिदा नावं वाचत नाही. माझा त्यावर विश्वास आहे. मेल्यावर मी कुठे जाईन, याची मला काळजी नाही. पण जिवंतपणी मी कोणाचा, हे मला एकदा स्वतःच्या हाताने लिहायचं होतं.

आज दुपारी मागे काठीचा आवाज आला. आई टेकडी चढून आली होती. एकटी. जिथे दम लागला तिथे थांबत थांबत आली असणार, पण आली. मी उभा राहिलो. वाटलं, म्हणेल, हे काय केलंस, थोरला काय म्हणेल.

ती दगडाच्या अगदी जवळ गेली, डोळे बारीक केले.

"दुसरं अक्षर वाकडं झालंय," म्हणाली. "शाळेतही असंच काढायचास."

मग कमरेच्या गाठोड्यातून तिने लहान डबी काढली. लाल रंग. बाबांच्या वेळचा, दर दोन वर्षांनी स्वतःच्या नावाला लावते तोच. काडीने ढवळला. मी ब्रश घ्यायला हात पुढे केला तर तिने माझा हात बाजूला केला आणि खाली बसून रेषारेषांत रंग भरला, माझं नाव पूर्ण होईपर्यंत. वाकडी रेघ तिने वाकडीच भरली.

मासुमोतो हत्यारं न्यायला आला तेव्हा त्याने टोपी काढून आधी आईला आणि मग मला नमस्कार केला. ओशोसानांना मी जाताना सांगून आलो. ते म्हणाले, "म्हणजे आता दोघांना विचारावं लागेल." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरं," आणि दार लावून घेतलं. आत हसत होते की काय, नक्की सांगता येत नाही.

तू ये. सत्तावीसला खरंच ये. ओहागी कडक झाल्यात, वाफवून देईन. ओशोसान आईला विचारतील आणि ती तुला हो म्हणेल. मग मला विचारतील. मी तिथे उभा असेन आणि माझं उत्तर तुला आताच माहीत आहे.

तुझं नाव येईल एवढी जागा मी आईच्या नावाच्या वरच्या बाजूला मोकळी सोडली आहे, थोरल्याची. रंग आणखी दोन-तीन दिवस ओला राहील. बोट लावू नकोस.

योशिनोरी